झेप आणि चाल



मोठ्या, वेगवान, शिकारी शार्कचे नाव काढले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. दक्षिण आफ्रिकेच्या फॉल्स बेमधल्या सील आयलंडजवळ पांढरा शार्क जबड्यात सील धरून अख्खाच्या अख्खा पाण्याबाहेर उसळला आहे, अंगावरून पाणी निथळते आहे आणि कॅमेरा बरोबर त्या क्षणी उघडला आहे. हे छायाचित्र इतक्या वेळा छापले गेले की झेप म्हणजेच शार्क असे समीकरण होऊन बसले. माको जातीच्या शार्कच्या बाबतीत त्याला आकड्यांची जोड मिळाली. ताशी सत्तर किलोमीटर, काही ठिकाणी त्याहून जास्त. आज माझे म्हणणे याच्या जवळजवळ उलट आहे. या माशांचे शरीर ज्या कामासाठी घडले ते काम झेप घेण्याचे नाही, चालत राहण्याचे आहे. ही चाल त्यांना उष्णतेच्या बळावर साधते, त्या उष्णतेचा खर्च मोठा आहे, आणि तो खर्च कोण कसा भरतो हे पाहिल्याशिवाय या माशांचे आजचे हाल समजत नाहीत. ‘हे’ मासे म्हणजे मुख्यतः लॅम्निडी या कुळातल्या पाच जाती: पांढरा शार्क, आखूड परांचा माको, लांब परांचा माको, पोर्बीगल आणि सॅमन शार्क. आपल्या बाजारात मुशी किंवा मोरी म्हणून जे येते ते बहुधा या कुळाचे लांबचे, लहान चणीचे नातलग असतात, पण दोन्ही माको अरबी समुद्रातही आहेत.

आधी वेगाच्या आकड्यांचा समाचार घेऊ. समुद्रातल्या प्राण्याचा वेग मोजणे अतिशय अवघड, आणि म्हणूनच न मोजता सांगणे अतिशय सोपे. सेलफिशची गोष्ट या बाबतीत बोधप्रद आहे. तो ताशी ११० किलोमीटर वेगाने पोहतो असे पिढ्यान्‌पिढ्या पुस्तकांत छापले गेले. त्याचा उगम फ्लोरिडातल्या एका मासेमारी शिबिरातला. गळाला लागलेल्या माशाने तीन सेकंदांत शंभर यार्ड दोरी ओढली, एवढ्यावर तो आकडा बेतला होता. रीळ किती सैल होते, मासा हवेत उडाला होता की पाण्यात होता, याचा हिशेब त्यात नाही. २०१६ साली संशोधकांनी स्नायू किती लवकर आकुंचन पावतात ते मोजून आणि शेपटीच्या एका फटक्यात मासा किती पुढे जातो ते धरून सेलफिशचा कमाल वेग काढला, तेव्हा तो सेकंदाला आठ-नऊ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी तीस किलोमीटर भरला. माकोच्या सत्तरीचा पायाही असाच भुसभुशीत आहे. शिवाय भौतिकशास्त्राची एक मर्यादा आहेच. शेपूट फार वेगाने हलली की तिच्या मागे पाण्याचा दाब इतका घसरतो की पाण्यातच वाफेचे बुडबुडे होऊन फुटू लागतात. जहाजांचे पंखे यानेच खरवडले जातात. माशाची शेपूट जिवंत ऊतींची असते, तिला ते सोसत नाही.

आकडे बाजूला ठेवले तरी झेप दिसते ती दिसतेच, असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण झेप हे या कुळाचे वैशिष्ट्य ठरते का, याची कसोटी घेणारे एक उत्तम निरीक्षण २०१८ साली आयर्लंडच्या किनाऱ्यावरून आले. बास्किंग शार्क हा तोंड उघडे ठेवून संथपणे प्लवक गाळत फिरणारा अवाढव्य मासा. आळशीपणाचा नमुना म्हणून त्याचे उदाहरण देतात. एका बास्किंग शार्कच्या अंगावर नोंदयंत्र बसवले असता तो २८ मीटर खोलीवरून नऊ-दहा सेकंदांत, शेपटीच्या जेमतेम दहा फटक्यांत वर आला आणि सेकंदाला सुमारे पाच मीटर वेगाने पाण्याबाहेर उसळला. चित्रफितींवरून पांढऱ्या शार्कच्या उडीचा वेग काढला, तर तोही साधारण तेवढाच भरला. ताशी अठरा किलोमीटर! म्हणजे प्लवक खाणारा आणि सील खाणारा, दोघेही झेपेच्या बाबतीत एकाच पायरीवर. याचे कारण उघड आहे. झेप घेतात ते पांढरे स्नायू. ते प्राणवायूची वाट न पाहता साठवलेल्या इंधनावर काही सेकंद जोर लावतात आणि मग थकतात. असे स्नायू जवळजवळ प्रत्येक माशाकडे असतात. मुशीकडे आहेत, बांगड्याकडे आहेत. लॅम्निडी कुळाकडे जे वेगळे आहे ते इथे सापडणार नाही.

वेगळे काय आहे ते पाहण्यासाठी एका मादीच्या प्रवासाकडे वळू. २००३ सालच्या नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेच्या गान्सबाईजवळ एका पांढऱ्या शार्क मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारे यंत्र बसवले गेले. संशोधकांनी तिला निकोल हे नाव दिले. ९९ दिवसांनी ते यंत्र ठरल्याप्रमाणे सुटून वर आले तेव्हा ते ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, एक्समाउथ आखातापाशी होते. अंतर अकरा हजार किलोमीटरांहून जास्त. वाटेत ती ९८० मीटर खोल गेली होती, जिथे पाणी साडेतीन अंशांहूनही थंड होते. ऑगस्ट २००४ मध्ये, म्हणजे निघाल्यापासून नऊ महिन्यांच्या आत, ती परत गान्सबाईला दिसली. परांवरच्या खाचांवरून तिची ओळख पटली. या प्रवासाचा सरासरी वेग काढला तर तो ताशी पावणेपाच किलोमीटर भरतो. सकाळी फिरायला निघालेला माणूस याच वेगाने चालतो. या आकड्याने निराश होऊ नका. तो एका तासाचा नाही. तो ९९ दिवसांचा, रात्र आणि दिवस मिळून, हिंदी महासागर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओलांडतानाचा, तोही सरळ रेषेत धरलेला किमान वेग आहे. शेजारी ग्रीनलंड शार्क ठेवून पाहा. तोही मोठा, तोही मांसाहारी. स्वालबार्डच्या जवळपास गोठलेल्या पाण्यात त्याची नेहमीची चाल सेकंदाला ३४ सेंटीमीटर, ताशी सव्वा किलोमीटर मोजली गेली आहे. खरा फरक या दोन चालींत आहे.

हा फरक योगायोगाचा नाही, हे २०१५ साली युकी वातानाबे आणि सहकाऱ्यांनी दाखवले. जगभरच्या माशांवर लावलेल्या यंत्रांच्या नोंदी त्यांनी एकत्र केल्या आणि शरीराचा आकार लक्षात घेऊन तुलना केली. शरीराचा काही भाग ऊबदार ठेवणारे मासे थंड शरीराच्या माशांपेक्षा नेहमीच्या चालीत सुमारे १.६ पट वेगवान निघाले आणि त्यांच्या वार्षिक स्थलांतराचा पल्ला अडीच पट. दीडपटीचा फरक ऐकायला मामुली वाटतो. पण पाण्यात रोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी शक्ती घनाने. १.६ चा घन चार. म्हणजे दीडपटीने भरभर चालायचे तर इंजिन चौपट हवे, आणि ते क्षणभर नाही, अष्टौप्रहर. या माशांना थांबताही येत नाही. त्यांच्या कल्ल्यांवरून पाणी वाहते ते पुढे जाण्यामुळेच. थांबले की श्वास थांबला. त्यामुळे प्रश्न असा होतो: चौपट शक्तीचे, कधीच बंद न होणारे इंजिन थंड पाण्यातल्या माशाला मिळाले कुठून?

उत्तराच्या धाग्याचे एक टोक आपल्या ताटात आहे. बांगडा शिजवला की कातडीच्या लगेच खाली, अंगाच्या मध्यरेषेवर काळपट मांसाची एक पट्टी दिसते. कुप्याची, म्हणजे ट्यूनाची, तुकडी पाहिली तर तसेच गडद मांस आत, मधल्या काट्याला बिलगून असते. कोकणातल्या कोणत्याही कोळणीला हा फरक ठाऊक आहे. काहीजण ते मांस काढून टाकतात, चव तीव्र असते म्हणून. हे गडद मांस म्हणजे लाल स्नायू. प्राणवायू वापरून न थकता काम करणारे, चालीचे स्नायू. साधारण माशात ते कातडीखाली असतात, पाण्यापासून चार पावलांवर. कुप्यात ते आत ओढून घेतलेले असतात. मुशीत ते बांगड्यासारखे बाहेर असतात, आणि माको, पोर्बीगल, पांढरा शार्क यांच्यात कुप्यासारखे आत. शार्क आणि काटेरी मासे यांचे पूर्वज चाळीस कोटी वर्षांहून आधी वेगळे झाले. तरी दोन्ही घराण्यांतल्या काही जातींनी लाल मांस कण्याजवळ नेले, दोघांची शेपूट चंद्रकोरीची झाली, शेपटीच्या देठावर दोन बाजूंना आडव्या कडा आल्या आणि अंगाचा पुढचा भाग ताठ राहून जोर नुसत्या शेपटीत पोहोचवणारी लांब स्नायुबंधांची रचना आली. एकाच गणिताचे दोन विद्यार्थ्यांनी वेगवेगळ्या वर्गांत बसून तेच उत्तर काढावे, तसा हा प्रकार आहे. नकलेचा प्रश्न येत नाही, म्हणून उत्तराबद्दल विश्वास वाटतो.

पण मांस आत नेल्याने ते ऊबदार कसे राहते? इथे थोडे थांबू, कारण या विषयाचा गाभा हाच आहे. हवेच्या एका लिटरमध्ये सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात पाचसहा. त्यामुळे माशाला प्राणवायूसाठी प्रचंड पाणी कल्ल्यांवरून न्यावे लागते, आणि रक्त व पाणी यांच्यात पडदा ठेवायचा तो कमालीचा पातळ. त्या पडद्यातून प्राणवायू आत येतो. त्याच पडद्यातून उष्णता बाहेर जाते, आणि ती प्राणवायूपेक्षा कितीतरी वेगाने जाते. पाण्याची उष्णता शोषण्याची ताकद तर सारख्या आकारमानाच्या हवेच्या हजारो पट. परिणाम असा की रक्त कल्ल्यांतून एक फेरी मारून आले की ते बाहेरच्या पाण्याइतकेच थंड होऊन येते. स्नायूंनी कितीही उष्णता निर्माण केली तरी पुढच्या फेरीत ती समुद्राला अर्पण. मासे थंड असतात ते उष्णता निर्माण करता येत नाही म्हणून नव्हे. श्वास घेण्याच्या दाराने उष्णता गळते आणि ते दार बंद करता येत नाही, म्हणून.

लॅम्निडी कुळाने दार उघडेच ठेवले. त्यांनी आतल्या वाटा बदलल्या. साधारण माशात कल्ल्यांकडून आलेले थंड रक्त कण्याखालच्या महारोहिणीतून जाते आणि तिथून बाहेरच्या बाजूला फाटे फुटतात. या शार्कमध्ये लाल स्नायूंकडे जाणारे बरेचसे रक्त कातडीखालून जाणाऱ्या रोहिण्यांनी जाते, म्हणजे बाहेरून आत. आत शिरताना त्या रोहिण्या शेकडो बारीक नळ्यांत फुटतात, आणि स्नायूंतून तापून परतणाऱ्या नीलाही तशाच बारीक होऊन त्यांच्यात गुंफलेल्या असतात. थंड रक्त आत जाते, ऊन रक्त बाहेर येते, आणि दोघे एकमेकांना घासून उलट दिशांनी जात असल्यामुळे बाहेर निघालेली उष्णता वाटेतच आत येणाऱ्या रक्ताला मिळते आणि परत स्नायूत पोहोचते. शरीरशास्त्रज्ञांनी या जाळ्याला फार पूर्वी ‘अद्भुत जाळे’ असे लॅटिन नाव दिले होते. शास्त्रीय परिभाषेत इतका उघड कौतुकाचा शब्द क्वचितच टिकतो. हा टिकला, आणि योग्यच. कल्ल्यांपर्यंत पोहोचेपर्यंत रक्त थंड झालेले असते, म्हणून समुद्राला द्यायला काही उरत नाही.

यातही एक अडचण आहे. सामान्यतः हिमोग्लोबिन तापले की प्राणवायू सोडते. या जाळ्यात रोहिणीतले रक्त स्नायूपर्यंत पोहोचण्याआधीच तापते. म्हणजे प्राणवायू वाटेतच सुटून शेजारच्या नीलेत गळायचा आणि उष्णता वाचवण्याच्या नादात श्वासच वाया जायचा. पोर्बीगलच्या हिमोग्लोबिनवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले की पेशीतल्या परिस्थितीत त्याच्यावर तापमानाचा परिणाम नेहमीसारखा होत नाही, उलटा होतो. एक गळती बुजवली की दुसरी उघडते, आणि तीही बुजवलेली सापडते. शरीराची अशी तपशीलवार जुळवाजुळव पाहिली की ऊब हा योगायोगाने मिळालेला फायदा आहे असे म्हणणे कठीण जाते.

या शोधाचा इतिहास लांबलेला आहे. १८३५ साली जॉन डेव्ही यांनी कुप्याच्या जातीच्या माशांचे रक्त पाण्यापेक्षा सुमारे दहा अंशांनी ऊन असल्याचे नोंदवले. माशाला ऊन रक्त ही कल्पनाच तेव्हा चमत्कारिक होती. कारण समजायला सव्वाशे वर्षे जावी लागली. अमेरिकेतल्या वुड्स होल इथल्या फ्रान्सिस केरी आणि जॉन टील यांनी १९६६ साली ट्यूनात आणि १९६९ साली माको व पोर्बीगलमध्ये हे जाळे उष्णता कशी राखते ते दाखवले. पुढे पांढऱ्या शार्कच्या पोटात यंत्र पोहोचवून मोजले तेव्हा पोट पाण्यापेक्षा १४ अंशांपर्यंत ऊन निघाले. अलास्काच्या सॅमन शार्कमध्ये हा फरक २० अंशांच्याही पुढे जातो. २००५ साली त्याच सॅमन शार्कच्या लाल स्नायूंचे तुकडे प्रयोगशाळेत तपासले, तेव्हा ते २० ते ३० अंशांत चांगले चालले आणि थंड केल्यावर त्यांची शक्ती जवळजवळ उरली नाही. ते स्नायू माशाच्या स्नायूंपेक्षा सस्तन प्राण्यांच्या स्नायूंसारखे वागत होते. हाच मासा पाच अंशांच्या पाण्यात फिरतो. त्याची ऊब सुटली तर तो पांगळा होईल.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार असा की ऊब वेगासाठी आहे हे कशावरून? ती थंड पाण्यात शिरता यावे, म्हणजे वावराचा प्रदेश वाढावा म्हणून असेल. सॅमन शार्क अलास्कात हिवाळाही काढतो, हे त्याचे उदाहरण म्हणून दिले जाते, आणि मीही ते आताच दिले. पण एका जातीवरून नियम काढता येत नाही. २०२१ साली अनेक जातींच्या नोंदी तपासून झालेल्या एका अभ्यासात ऊबदार मासे थंड माशांपेक्षा वेगवान पोहतात हे पुन्हा दिसले, परंतु ते ज्या तापमानांत वावरतात त्यांचा पल्ला थंड माशांपेक्षा रुंद आहे असे दिसले नाही. याचे एक कारण हृदयात आहे. या माशांचे हृदय जाळ्याच्या बाहेर असते. त्याच्याकडे येणारे रक्त थंड झालेले असते. म्हणून ऊन स्नायूंना रक्त पुरवणारा पंप मात्र समुद्राच्या तापमानाला धडधडतो. सॅमन शार्कच्या हृदयपेशींत कॅल्शियमची ने-आण करणारी प्रथिने जास्त प्रमाणात सापडली आहेत, ती याच अडचणीवरचा तोडगा. पण तो तोडगा आहे, परवाना नाही. इंजिन तापलेले आणि इंधनाचा पंप गारठलेला, अशा गाडीने कुठे जायचे याला पंपाची मर्यादा राहणार.

दुसरा आक्षेप निळ्या शार्कचा. तो थंड शरीराचा आहे आणि तरी अटलांटिक ओलांडतो, हे खुणेच्या बिल्ल्यांवरून कधीच सिद्ध झाले आहे. मग ऊब कशाला? निळा शार्क वरच्या उबदार पाण्यात अंग तापवून खोल शिकारीला जातो आणि थंडावला की परत वर येतो. त्याचे मोठे शरीर हळूहळू थंड होते, याचा तो फायदा घेतो. प्रवाहांवर स्वार होतो, घसरत जातो. म्हणजे लांब जाता येते, यात वाद नाही. मुद्दा वेळापत्रकाचा आहे. कॅलिफोर्नियाचे पांढरे शार्क शरद ऋतूत फॅरेलॉन बेटांजवळ हत्ती-सीलसाठी हजर असतात, हिवाळ्यात निघून हवाई आणि बाहा कॅलिफोर्निया यांच्या मधल्या मोकळ्या समुद्रात जातात (संशोधकांनी त्या जागेचे नाव चक्क ‘व्हाइट शार्क कॅफे’ ठेवले आहे) आणि पुढच्या हंगामापर्यंत परततात. हजारो किलोमीटरांवरच्या दोन ठिकाणांचे हंगाम एकाच वर्षात पकडायचे, तर ठिकाण गाठणे पुरत नाही, वेळेवर गाठावे लागते. चौपट इंजिनाचा उपयोग इथे आहे.

तिसरा आक्षेप पांढऱ्या शार्कनेच घेतला आहे, असे म्हणता येईल. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या नेपच्यून बेटांजवळ, सीलच्या वसाहतीपाशी, त्यांची चाल मोजली तर ती सेकंदाला ०.८ ते १.३५ मीटर निघाली. उबदार अंगाला शोभण्यापेक्षा पुष्कळ मंद. पण तिथे ते दबा धरून असतात. सील पाण्यात कधी उतरेल याची वाट पाहताना भरभर फेऱ्या मारणे म्हणजे इंधन जाळणे. क्षमता असणे आणि ती प्रत्येक प्रहरी वापरणे यांत फरक आहे. २०२३ साली तर बास्किंग शार्कचेही लाल स्नायू आत असून शरीर काही अंशी उबदार असल्याचे उघड झाले. शिकारीसाठी ऊब हवी, या जुन्या समजुतीला हा जबर धक्का होता. माझ्या प्रतिपादनाला मात्र त्याने बळच येते. प्लवक पळून जात नाही, त्याच्यामागे झेप घ्यावी लागत नाही. पण प्लवक समुद्रभर विखुरलेले, हंगामी असते, आणि ते गाठायला लांब चाल लागते.

चालीची किंमत अन्नात मोजावी लागते. केरी यांनीच १९८२ साली एका पांढऱ्या शार्कच्या नोंदींवरून अंदाज बांधला होता की देवमाशाची तीस किलो चरबी खाल्ली की त्याला दीड महिना पुरते. हा आकडा तीस वर्षे पाठ्यपुस्तकांत राहिला आणि पांढरा शार्क काटकसरी आहे असा समज पक्का झाला. २०१३ साली नेपच्यून बेटांजवळच्या शार्कचा खऱ्या पोहण्याच्या वेगावरून हिशेब केला तेव्हा तेच तीस किलो जेमतेम १२ ते १५ दिवस पुरतील असे निघाले. तिप्पट भूक. मेगालोडॉन या नामशेष महाकाय शार्कच्या दातांतील समस्थानिकांवरून त्याचे शरीरही भोवतालच्या पाण्यापेक्षा सुमारे सात अंशांनी ऊन असल्याचा अंदाज २०२३ मध्ये मांडला गेला. तो सुमारे छत्तीस लाख वर्षांपूर्वी संपला. तो उबेच्या भुकेनेच संपला असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. पण अवाढव्य ऊबदार शरीर आणि घटलेले भक्ष्य ही जोडी धोक्याची असते, एवढे तर्काला धरून आहे.

भुकेपेक्षाही अवघड खर्च पिढ्यांचा आहे. माकोची मादी वयात यायला सुमारे अठरा वर्षे घेते. गर्भ पंधरा ते अठरा महिने. दोन वेतांत साधारण तीन वर्षांचे अंतर. एका वेताला बहुधा डझनभर पिले. पांढऱ्या शार्कच्या मणक्यांवरच्या वलयांत अणुचाचण्यांच्या काळातला किरणोत्सारी कार्बन शोधून वय काढले, तेव्हा एक नर सत्तरी ओलांडलेला निघाला, आणि माद्या तिशी उलटल्यावर वयात येतात असा अंदाज पुढे आला. आईच्या पोटात ही पिले न फळलेली अंडी खाऊन वाढतात, म्हणून जन्मतःच दांडगी असतात: माकोचे पिलू सत्तर सेंटीमीटरच्या आसपास, पांढऱ्या शार्कचे सव्वा मीटरच्या पुढे. इथे एक मोहक युक्तिवाद सुचतो. लहान शरीर लवकर थंड होते, म्हणून ऊब हवी तर पिलू मोठे हवे, मोठे पिलू हवे तर संख्या थोडी. म्हणजे मंद प्रजनन ही उबेचीच किंमत. हा युक्तिवाद मी स्वीकारत नाही. पोटात अंडी खाण्याची रीत या शार्कच्या साऱ्या गणात आहे, त्यात थंड शरीराच्या जातीही आहेत. आणि कुपा समोर उभा आहेच: तोही ऊबदार, तोही वेगवान, आणि त्याची मादी एका हंगामात लाखो अंडी सोडते. कुप्याचे पिलू मिलिमीटरांत मोजायचे, थंड, क्षुल्लक. ऊब त्याला वाढता वाढता मिळते. तेव्हा ऊब मंद प्रजननाची अट घालत नाही. शार्कने हे इंजिन कुप्यासारखेच घडवले, पण ते बसवले जुन्या घरात, जिथे पिले मोजकी आणि मोठी जन्मतात. उलट असेही असेल की मोठ्या पिलांची रीत आधीपासून होती म्हणूनच ऊब राखणे जमले.

या वारशाचा फरक मासेमारीत कसा उतरतो, हे अटलांटिकमध्ये जवळजवळ प्रयोगशाळेतल्यासारखे पाहायला मिळते. तिथे निळ्या परांचा ट्यूना आणि माको या दोघांवर एकच आंतरराष्ट्रीय आयोग देखरेख करतो. दोघेही ऊबदार, दोघेही महासागर ओलांडणारे, दोघेही लांब दोरीच्या गळांवर येतात. गळाला अडकून चाल थांबली की माकोचा श्वासही कमी पडतो, हा त्याच्या शरीराचा आणखी एक तोटा. ट्यूनाची दशा एके काळी इतकी वाईट होती की तो धोक्यातल्या जातींच्या यादीत होता. पकडीवर कडक मर्यादा आल्या, आणि २०२१ साली तो यादीतल्या सर्वांत कमी काळजीच्या वर्गात आला. त्याच २०२१ साली त्याच आयोगाने उत्तर अटलांटिकमधल्या माकोसाठी ठराव केला. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत पकडलेला माको ठेवून घ्यायचा नाही, आणि साठा सावरण्याचे उद्दिष्ट वर्ष ठरले २०७०. जगभरात महासागरी शार्क आणि पाकट यांची संख्या १९७० पासून ७१ टक्क्यांनी घटल्याचा अभ्यासही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. २०७० हे साल ऐकून अनेकांना तो आयोगाचा वेळकाढूपणा वाटला. थोडा असेलही. पण हिशेब करून पाहा. बंदीच्या पहिल्या वर्षी, २०२२ मध्ये, जन्मलेली माकोची मादी २०४० च्या सुमारास वयात येईल. पहिले वेत २०४२ च्या आसपास. त्या वेतातल्या माद्या २०६० उजाडल्यावर वयात येतील, आणि २०७० पर्यंत त्यांची जेमतेम तीन वेते झालेली असतील.